हळद अडतीचा नवा प्रोग्रॅम, सांगली : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं काम आजपासून हातात. माल मुख्यतः हळद, थोडा बेदाणा. सध्याचा प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिक ६ मधला, डेटा ॲक्सेसच्या एमडीबी फाइलमध्ये. चालतोय अजून, पण लिहिणाऱ्याशी संपर्क राहिलेला नाही आणि सोर्स कोड अर्धाच मिळाला.

शेठांच्या मागण्या दोन. हंगामात बंद पडायला नको, आणि बॅकअप रोजच्या रोज व्हायला पाहिजे. दुसरी मागणी २०१९ च्या ऑगस्टपासूनची. त्यांचं घर गावभागात. महापुरात घरी ठेवलेल्या जुन्या खतावण्यांचा लगदा झाला होता.

पहिला वाद आमच्यातच. धाकट्या सहकाऱ्याला सगळं मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट ८ वर करायचं होतं. मी डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ धरलं. कारण एकच, काट्याजवळचं तिसरं मशीन. त्यावर ३२ बिटचं विंडोज ७ आहे. डॉट नेट ८ तिथं बसत नाही, ४.८ बसतं, सर्व्हिस पॅक १ टाकलेला असला की झालं. शेठ तिथं नवीन मशीन ठेवायला तयार नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. हळदीची धूळ की-बोर्डात जाऊन बटणं पिवळी पडलीयत.

तेव्हा विंडोज फॉर्म्स, सी शार्प ७.३, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. हिशोबाचा सगळा भाग मात्र वेगळ्या लायब्ररीत, डॉट नेट स्टँडर्ड २.० वर. ती उद्या जशीच्या तशी उचलून नव्या आवृत्तीत नेता येते. सहकाऱ्याची तेवढ्यावर समजूत पटली. अर्धवट पटली.

९ जानेवारी, गुरुवार

एमडीबी उघडायला गेलो तर माझ्या लॅपटॉपवर लगेच तक्रार: जेट ४.० प्रोव्हायडर या मशीनवर नोंदलेला नाही. दुकानातल्या जुन्या मशीनवर तोच प्रोग्रॅम निमूट चालतो. जेट, म्हणजे ॲक्सेसची फाइल वाचणारा भाग, फक्त ३२ बिटमध्ये मिळतं. 'एनी सीपीयू' लावून, 'प्रेफर ३२ बिट'ची खूण न ठेवता बांधलेला प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर ६४ बिट होऊन उठतो आणि मग त्याला ३२ बिटचा प्रोव्हायडर दिसत नाही. डेटा ओढणाऱ्या प्रोजेक्टला एक्स ८६ म्हणजे ३२ बिट लावलं, विषय संपला. लोक यावर अर्धा दिवस ड्रायव्हर टाकत बसतात.

तक्त्यांमध्ये 'पेव क्र.' नावाचा रकाना आहे. पूर्वी हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे, त्या काळातला. आता माल शीतगृहात जातो. रकाना काढू का विचारलं तर दिवाणजी म्हणाले, "असू दे की ओ, खातंय काय ते?" ठेवला.

१५ जानेवारी, बुधवार

शेतकऱ्यांची नावं आणि गावं जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. फॉन्ट लावला तर मराठी दिसतं, काढला की इंग्रजी अक्षरं आणि खुणांची खिचडी. चिन्हागणिक बदलायचा तक्ता केला, त्यात लांब जोड्या आधी आणि सुटी चिन्हं नंतर. एवढं सोपं होतं. गाडी अडली ती क्रमावर.

जुने फॉन्ट अक्षर जसं दिसतं त्या क्रमानं साठवतात, युनिकोड जसं उच्चारतो त्या क्रमानं. तपासायला 'किर्लोस्करवाडी' घेतलं, कारण त्यात दोन्ही भानगडी आहेत. जुन्या डेटात पहिली वेलांटी 'क'च्या आधी येते आणि रफार 'लो'च्या नंतर. युनिकोडमध्ये वेलांटी 'क'च्या नंतर पाहिजे, आणि रफाराचा 'र' अधिक हलन्त 'ल'च्या आधी. तेव्हा तक्ता लावून झाल्यावर दोन फेऱ्या: वेलांटी पुढच्या पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यायची, रफार मागच्या जोडाक्षराच्या अलीकडे आणायचा. 'पूर्ण जोडाक्षर' हे महत्त्वाचं. नुसत्या पुढच्या व्यंजनाच्या पलीकडे वेलांटी नेली तर 'स्थिती'चा पार चुथडा होतो.

मग सहकाऱ्यानं रूपांतर केलेला डेटा एसक्यूएल सर्व्हरमध्ये भरला आणि सगळी नावं '????' झाली. रकाना व्हारचार होता, त्यात मराठी अक्षरं मावत नाहीत. युनिकोडचा एनव्हारचार केला तरी काही ठिकाणी प्रश्नचिन्हं उरलीच, कारण तिथं नाव थेट क्वेरीच्या मजकुरात जोडलेलं होतं आणि अवतरणाच्या आधी एन नव्हता. रकाना कितीही चांगला असला तरी एनशिवायचा मजकूर तिथं पोचायच्या आधीच व्हारचार धरला जातो. सगळं पॅरामीटरवर नेलं, म्हणजे नाव क्वेरीत न जोडता वेगळं पाठवायचं. एकदा प्रश्नचिन्ह झालं की मूळ अक्षर परत मिळत नाही, खरोखरीचं प्रश्नचिन्हच साठलेलं असतं. म्हणून मूळ एमडीबीला हात न लावता कितीही वेळा पहिल्यापासून भरता येईल अशी स्क्रिप्ट ठेवलीय.

२४ जानेवारी, शुक्रवार

दिवाणजींची तक्रार: कुऱ्हाडे आडनावाच्या एका शेतकऱ्याची उचल, म्हणजे आगाऊ नेलेली रक्कम, दिसत नाही. खातं उघडलं तर शिल्लक शून्य. यादीत खाली बघितलं तर तेच नाव, तेच गाव, दुसरं खातं, आणि उचल तिथं.

स्क्रीनवर दोन्ही नावांत तसूभर फरक नाही. सहकारी म्हणाला, मागं स्पेस असेल. नव्हती. शेवटी दोन्ही नावांचं एकेक अक्षर युनिकोड क्रमांकासह छापलं. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर होतं, क्रमांक ०९३१, त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', क्रमांक ०९३०, मग हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर, क्रमांक २००डी. हे शेवटचं डोळ्यांना दिसत नाही, जागा खात नाही, फक्त 'र'ला तसा अर्धा आकार द्यायला सांगतं. एक नाव आमच्या रूपांतरातून आलं, दुसरं दिवाणजींनी नव्या स्क्रीनवर त्यांच्या की-बोर्डनं टाइप केलं. दोन्ही लिखाणं युनिकोडला मान्य आहेत, म्हणून चूक कुणाचीच नाही.

स्ट्रिंगवर नॉर्मलाइझ चालवून भागेल असं आधी वाटतं. भागत नाही. ते 'र' अधिक नुक्ता याचा 'ऱ' करून देतं, जॉइनरला हात लावत नाही. तेव्हा स्वतःची पायरी लिहिली: र, हलन्त, जॉइनर हे तिन्ही लागोपाठ आले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. नंतर नॉर्मलाइझ. मागचेपुढचे आणि दुहेरी स्पेस काढायचे. हे सगळं एकाच फंक्शनमध्ये, आणि नाव डेटाबेसमध्ये जायच्या आणि शोधायच्या प्रत्येक वाटेवर तेच फंक्शन. तुलना ऑर्डिनल. गोऱ्हे, चऱ्हाटे, असे बरेच निघाले.

क्रमवारीचंही जाता जाता. कोड क्रमांकानं लावलं की 'ज्ञ'ची नावं 'ज'मध्ये आणि 'क्ष'ची 'क'मध्ये जातात. दिवाणजी शाळेत शिकल्याप्रमाणं ती 'ह'च्या नंतर शोधतात. क्रमवारीसाठी वेगळा रकाना केला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वजनाच्या चौकटीत दिवाणजींनी '५८' लिहिलं आणि प्रोग्रॅम फॉरमॅट एक्सेप्शन देऊन बसला. की-बोर्ड मराठीवर होता, आकडे देवनागरी पडले.

याची गंमत अशी की त्या चौकटीवर पहारा होता. बटण दाबताक्षणी कॅर.इझडिजिट विचारून आकडा नसेल तर अडवायचं, असा. पण कॅर.इझडिजिट '५'ला हो म्हणतं, कारण युनिकोडच्या हिशोबानं तो आकडाच आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला आकड्याचा संक्षेपही हो म्हणतो. डेसिमल.पार्स मात्र फक्त 0 ते 9 हे इंग्रजी आकडे ओळखतं. म्हणजे दारावरचा माणूस सोडतो आणि आतला हाकलतो. कल्चर, म्हणजे भाषा-प्रदेशाचं सेटिंग, मराठी लावल्यावर पार्सला मराठी आकडे कळतील असा समज असतो. कळत नाहीत. कल्चरमध्ये देवनागरी आकड्यांची यादी असते खरी, पण पार्स ती बघतच नाही.

उपाय दोन ओळींचा. अक्षराचा क्रमांक ०९६६ ते ०९६एफ असेल तर ०९६६ वजा करून इंग्रजी शून्याचा क्रमांक त्यात मिळवायचा, मग पार्स. मराठी आकडे अडवायचे नाहीत, असं ठरवलं. यार्डात पाटीवर भाव मराठी आकड्यांत लिहितात, वहीत तेच. मग स्क्रीनवर का नको?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काटा.

इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पाठीमागं आरएस-२३२ ची तार, तिथून यूएसबीचं कन्व्हर्टर, तिथून मशीन. वेग ९६००. काटा सारखा ओळी फेकत असतो: '००५८.४०' आणि शेवटी कॅरेज रिटर्न. जुन्या प्रोग्रॅममध्ये वजन हातानं लिहायचे. आता थेट यायला पाहिजे.

सहकाऱ्यानं सिरियल पोर्टच्या डेटा रिसीव्ह्ड इव्हेंटमध्ये आलेला मजकूर वाचून वजन दाखवलं. टेबलावर तास-दोन तास सुरेख चाललं. यार्डात तोलारांनी पोती चढवायला घेतली आणि एक पोतं ४० किलो दाखवलं. तोलार म्हणाले, "चाळीसचं पोतं हाय व्हय हे? उचलून बघा की." पोतं होतं ५८.४० चं.

इव्हेंट आला म्हणजे पूर्ण ओळ आली असं नसतं. काहीतरी बाइट आले एवढाच त्याचा अर्थ. '००५८.' एका खेपेला आणि '४०' पुढच्या खेपेला आलं तर दुसरी खेप म्हणजे चाळीस किलो. ५ किंवा ८ दिसलं असतं तर कुणीही हसून सोडलं असतं. ४० हे पोत्याचं वजन असू शकतं, म्हणून ते घातक. शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदात, अठरा किलो हळद कमी लागली असती.

आता येणारं सगळं एका बफरमध्ये साठतं. कॅरेज रिटर्न दिसला की तिथपर्यंतचा तुकडा कापून घ्यायचा, त्याची लांबी आणि बिंदूची जागा ठरल्याप्रमाणं असेल तरच वजन मानायचं, उरलेलं बफरमध्येच राहू द्यायचं. शिवाय सलग तीन ओळी सारख्या आल्याशिवाय आकडा हिरवा होत नाही. पोतं ठेवल्यावर काटा क्षणभर डुलतो, त्या डुलण्यातलं वजन पकडायला नको.

दुसरी गोष्ट थ्रेडची, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या वेगवेगळ्या धाग्यांची. हा इव्हेंट स्क्रीनच्या थ्रेडवर येत नाही. तिथून चौकटीत थेट लिहिलं की व्हिज्युअल स्टुडिओत लगेच क्रॉस-थ्रेडची तक्रार येते. दुकानात मात्र येत नाही! ही तपासणी डीबगर जोडलेला असतानाच आपोआप चालू असते. दुकानात प्रोग्रॅम तक्रार न करता पुढं जातो आणि मग कधी चौकट रिकामी राहते, कधी स्क्रीन थिजते. 'तुमच्याकडं एरर येतो आणि आमच्याकडं येत नाही, म्हणजे आमचं मशीन चांगलं,' असं शेठांचं म्हणणं.

लिहिण्यासाठी बिगिनइन्व्होक वापरलं, इन्व्होक नाही. इन्व्होक स्क्रीनचं काम होईपर्यंत थांबून राहतं. त्याच वेळी कुणी खिडकी बंद केली तर स्क्रीनचा थ्रेड पोर्ट बंद व्हायची वाट बघतो, पोर्टचा थ्रेड स्क्रीनची वाट बघतो, आणि दोघंही बसून राहतात. बिगिनइन्व्होक निरोप ठेवून मोकळं होतं.

कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत घातलं की कॉम ३ चा कॉम ५ होतो. झाडलोट करताना ते रोज निघतं. पोर्टचा नंबर कोडमध्ये नको म्हणून सेटिंगमध्ये टाकला. प्रोग्रॅम सुरू होताना सगळे पोर्ट बघून ज्यावर काट्याची ओळ ओळखू येते तोच धरतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दिवाणजींचा एक रुपया.

पट्टीत हमालीची ओळ ३३ रुपये दाखवते आणि एकूण कपातीत ३२ च धरलेत. बाकी सगळं बरोबर. दिवाणजी म्हणाले, "रुपायाचा प्रश्न न्हाई ओ. शेतकरी बेरीज करून बघतो घरी जाऊन. रुपाया चुकला की सगळी पट्टीच खोटी वाटती त्याला." खरं आहे. त्यांनी आणखी एक सांगितलं ज्यानं अर्धं काम झालं: "पाच पोत्यांच्या आन् नऊ पोत्यांच्या पट्टीतच होतंय. तीनच्या आन् सातच्या न्हाई."

उदाहरणाला हमाली पोत्यामागं साडेसहा रुपये धरू. पोती सम असली की रुपये पूर्ण येतात, प्रश्नच नाही. विषम असली की अर्धा रुपया उरतो. पाच पोत्यांचे ३२.५०, सातचे ४५.५०, नऊचे ५८.५०.

मॅथ.राउंडला काही सांगितलं नाही तर अर्धा रुपया जवळच्या सम आकड्याकडं जातो. ३२.५० चे ३२, ४५.५० चे ४६, ५८.५० चे ५८. याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. लाखो रकमांच्या बेरजेत वाढ आणि घट एकमेकींना खाऊन टाकतात म्हणून ते ठेवलंय. पण आकडा छापताना टूस्ट्रिंगला '०' हा साचा दिला की डेसिमलचा अर्धा रुपया नेहमी वर जातो: ३३, ४६, ५९. एकूण कपात पहिल्या वाटेनं निघत होती, छापील ओळ दुसऱ्या. सातला दोन्ही वाटा ४६ वरच भेटतात म्हणून तिथं चूक दिसत नाही. तीनचे १९.५०, दोन्हीकडून २०. दिवाणजींनी पॅटर्न अचूक सांगितला होता, फक्त कारण माहीत नव्हतं.

जुन्या प्रोग्रॅममध्ये हे का झालं नाही? त्यात बेरजेआधीही फॉरमॅटच वापरलेलं होतं आणि व्हीबीचं फॉरमॅट अर्धा वरच नेतं. व्हीबीचं राउंड वापरलं असतं तर तिथंही बँकर्सच आलं असतं.

आता नियम असा: प्रत्येक ओळ आधी पूर्ण रुपयांत आणायची, मिडपॉइंट राउंडिंग 'अवे फ्रॉम झिरो' असं स्पष्ट लिहून. तीच पूर्ण झालेली रक्कम साठवायची, तीच बेरजेत, तीच छपाईत. छापताना कुठलाही साचा पुन्हा गोळाबेरीज करणार नाही. शेठांना विचारलं, अर्धा रुपया वर की खाली? म्हणाले, "हमाली हमालांची हाय, वरच जाऊ द्या. हळदीची रक्कम शेतकऱ्याची, ती पण वरच." हा निर्णय आमचा नव्हेच, तो दुकानाच्या रिवाजाचा.

जाता जाता दोन-तीन ठिकाणी आकडे द्विमानात साठवणारं डबल सापडलं, तेही दशमानातलं डेसिमल केलं. डबलमध्ये ०.१ दहा वेळा मिळवलं की १ येत नाही, ०.९९९९९… येतं. दशांश पैसे आणि ग्रॅम द्विमानात नेमके बसतच नाहीत. पैशाच्या आणि वजनाच्या प्रोग्रॅममध्ये डबलला जागा नाही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

३ मार्च, सोमवार

सौदे आता जोरात. दुपारी तीनच्या सुमारास सौद्याच्या यादीच्या जागी पांढरी चौकट आणि तिच्यावर लाल फुली. प्रोग्रॅम बंद करून उघडला की ठीक.

टास्क मॅनेजरमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्सचा (स्क्रीनवर रंगवायला विंडोज देतं त्या वस्तूंचा) रकाना चालू केला आणि बघत बसलो. यादी वरखाली सरकवली की आकडा चढतो, उतरत नाही. एका प्रोसेसला साधारण १०,००० ची मर्यादा असते. यादीत हळदीचे प्रकार, गड्डा आणि हळकुंड, वेगळ्या जाडीच्या अक्षरांत दाखवायचे म्हणून प्रत्येक खण रंगवताना नवा फॉन्ट तयार होत होता. काम झाल्यावर कुणी तो डिस्पोज करत, म्हणजे विंडोजला परत देत नव्हतं.

सहकाऱ्याचा प्रश्न रास्त होता: हा मॅनेज्ड कोड आहे, नको ती मेमरी आपोआप मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर आहे, मग तो का गोळा करत नाही? करतो, पण त्याला सवड व्हायला पाहिजे. कलेक्टर धावतो तो त्याच्या ताब्यातली मेमरी भरत आली की. फॉन्टची वस्तू त्याच्या लेखी काही बाइटांची, चिमुकली. तिच्या मागं विंडोजचं जे हँडल अडकलंय ते त्याच्या वहीत नाहीच. त्यामुळं मेमरी भरपूर शिल्लक, कलेक्टर निवांत, आणि इकडं हँडलं संपली. हे घरमालकासारखं: आतल्या खोल्या किती भरल्या ते बघतो, दारात लावलेल्या गाड्या मोजत नाही.

दोन फॉन्ट सुरुवातीलाच तयार करून ठेवले आणि फॉर्म बंद होताना टाकले. आकडा आता चढून एका जागी थांबतो.

११ मार्च, मंगळवार

त्याच जातीचं दुसरं. शेतकऱ्याचं नाव शोधताना मध्येच: पूलमधून (डेटाबेसच्या कनेक्शनांच्या सामाईक साठ्यातून) कनेक्शन मिळवायची वेळ संपली. नाव टाइप करताना दर अक्षरामागं नवं कनेक्शन उघडत होतं आणि क्वेरीत काही बिघडलं तर बंद करायची ओळ गाठायच्या आधीच कोड बाहेर पडत होता. पूलची मर्यादा न सांगता १०० असते, वाट बघायची मुदत १५ सेकंद.

यात फसवं हे की कधीकधी आपोआप बरं होतं. कलेक्टर मध्येच धावला की सांडलेली कनेक्शनं पूलला परत मिळतात. म्हणून दिवाणजी म्हणायचे, "जरा थांबलं की चालतंय." असला दोष सापडायला सगळ्यात वाईट.

काम संपलं की वस्तू आपोआप बंद करणारा यूझिंगचा ब्लॉक सगळीकडे. कनेक्शन, कमांड, रीडर, फाइल, पोर्ट, फॉन्ट, प्रिंटरचं ग्राफिक्स. मॅनेज्ड कोडची हद्द दुकानाच्या काउंटरला संपते, आणि या प्रकल्पात आतापर्यंत जे जे अडलं ते बहुतेक काउंटरवरच अडलं: काटा, जुनी एमडीबी, की-बोर्ड, फॉन्ट, डेटाबेस. आतलं सी शार्प बिचारं सरळ आहे.

शोध आता टाइप करणं थांबल्यावर थोडा वेळ जाऊ देऊन एकदाच होतो.

आणखी एक साफ केलं. सात-आठ ठिकाणी रिकामे कॅच होते, आणि दोन ठिकाणी पकडलेला एक्सेप्शन 'थ्रो ईएक्स' म्हणून पुढं फेकलेला. तसं केलं की मूळ ओळ कुठली हे पुसून जातं, फक्त 'थ्रो' लिहिलं की शाबूत राहतं.

१९ मार्च, बुधवार

पट्टी जतन केली की शेतकऱ्याला एसएमएस जातो. आज बटण दाबल्यावर स्क्रीन कायमची गोठली. कारण पाठ्यपुस्तकी: असिंक, म्हणजे मागं चालू राहणाऱ्या, पद्धतीच्या शेवटी '.रिझल्ट' लावून तिथंच उत्तराची वाट. स्क्रीनचा थ्रेड उत्तरासाठी अडून बसतो, आणि उत्तर आलेला कोड पुढं चालायला तोच थ्रेड मागतो. वरपासून खालपर्यंत अवेट केलं. लायब्ररीच्या भागात, जिथं स्क्रीनशी संबंध नाही तिथं, कन्फिगरअवेट(फॉल्स).

एचटीटीपी क्लायंट दर मेसेजला नवा करायचा नाही, एकच ठेवायचा; नाहीतर बंद केलेले सॉकेट काही वेळ तसेच लटकून राहतात. मुळात एसएमएस गेला नाही म्हणून पट्टी अडायला नको, म्हणून मेसेज आता आधी तक्त्यात पडतात आणि मागून वेगळे जातात. यार्डातलं नेट दुपारी कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

पाडवा झाला, नवं आर्थिक वर्ष लागलं, आणि दिवाणजींनी तुलनेसाठी मागच्या वर्षीच्या एप्रिलचा रिपोर्ट मागितला. एप्रिलच्या पहिल्या बारा दिवसांच्या पट्ट्या जवळजवळ नाहीतच. ३ एप्रिल २०२४ ची पट्टी, जिचा कागद त्यांच्या फाइलीत आहे, ती डेटामध्ये ४ मार्चला.

आमच्या रूपांतरात तारखा तशाच्या तशा आल्यात. मुळातच एमडीबीत त्या उलट्या आहेत. जुना प्रोग्रॅम तारीख दिवस-महिना-वर्ष अशी क्वेरीच्या मजकुरात दोन हॅशच्या मध्ये चिकटवत होता. जेट अशी तारीख अमेरिकन पद्धतीनं वाचतं, महिना आधी. ०३/०४ म्हणजे ४ मार्च. आणि १३/०४ आलं तर तेरावा महिना नसतो म्हणून एरर द्यायच्या ऐवजी चुपचाप उलटं करून १३ एप्रिल मानतं. या मदतीमुळंच घोळ झाला. तेरा आणि पुढच्या तारखा बरोबर, बारापर्यंतच्या उलट्या, आणि १/१, २/२ अशा बारा तारखा उलटल्या तरी त्याच. म्हणजे वर्षातल्या १३२ तारखा चुकीच्या जागी.

इतकी वर्षं कुणाला कळलं कसं नाही? एका दिवसाच्या पट्ट्या शोधताना शोधही त्याच उलट्या तारखेनं व्हायचा, म्हणून सापडायच्या. महिन्याचा रिपोर्ट चुकायचा. त्याबद्दल विचारलं तर दिवाणजी शांतपणे म्हणाले, "त्यो रिपोर्ट आमी कधी धरलाच न्हाई. खतावणी हाय की."

दुरुस्ती पट्टी क्रमांकावरून. क्रमांक रोज चढत जातो, तेव्हा तारखाही मागं जायला नकोत. दिवस १३ किंवा त्याच्या पुढचा असलेल्या पट्ट्या पक्के खुंट मानले. दोन खुंटांमधली पट्टी त्यांच्या तारखांच्या बाहेर पडत असेल आणि दिवस-महिना उलटवल्यावर आत बसत असेल, तर उलटवायची. दोन्ही प्रकारे बसत असेल किंवा कुठल्याच प्रकारे बसत नसेल तर यंत्रानं ठरवायचं नाही, यादीत काढायची. यादी छोटी निघाली. दिवाणजी खतावणीशी ताडून खुणा करतायत.

नव्या प्रोग्रॅममध्ये अशी वाट राहू नये म्हणून: डेटाबेसकडं तारीख फक्त पॅरामीटरनं. मजकुरातून वाचायची वेळ आली तर पार्सएक्झॅक्ट, साचा देऊन. नुसतं डेटटाइम.पार्स मशीनच्या सेटिंगवर चालतं आणि दुकानातल्या एका मशीनचं सेटिंग अमेरिकन आहे, एकाचं भारतीय. छापतानाही साच्यात तिरकी रेघ दिली तरी भारतीय इंग्रजी सेटिंगच्या मशीनवर आडवी रेघ छापली जाते, कारण साच्यातली तिरकी रेघ म्हणजे 'इथं तुमचं नेहमीचं चिन्ह घाला' एवढंच. छपाईसाठी इन्व्हेरियंट कल्चर लावलं. रकमेतले स्वल्पविराम लाख-कोटींच्या जागी पडावेत म्हणून तेवढ्यापुरतं मराठी कल्चर, गेटकल्चरइन्फोनं घेतलेलं. त्यात वापरणाऱ्यानं कंट्रोल पॅनेलमध्ये केलेले बदल मिसळत नाहीत.

राहिलेलं: डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर मराठी नावांच्या ओळी सरळ येत नाहीत. पॅडराइट कोड मोजतं, रुंदी नाही. 'क्षि'ला चार धरतं आणि कागदावर जागा एका अक्षराची लागते. रकान्यांच्या जागा मोजून ग्राफिक्सनं छापायचं ठरलंय, छपाई सावकाश होईल. शेठांना सोमवारी नमुना दाखवायचा. बेदाण्याच्या सौद्याची स्क्रीन त्यानंतर.